एपिसोड ३१ : बदलापूरला राहतो, म्हणजे नक्की कुठं?

आधीच सांगून ठेवतो, आज मागून फटाके ऐकू येतील, कुत्री भुंकतील आणि मध्येच आमच्या आज्जीचा आवाज येईल. स्टुडिओ वगैरे काही नाही. हा एपिसोड मी गडहिंग्लजमध्ये, आमच्या घराच्या माडीवर बसून मोबाइलवर रेकॉर्ड करतोय. दिवाळी २०२५. आणि गडहिंग्लजची दिवाळी म्हणजे फराळ आणि फुटबॉल, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको.

तर काल मॅच बघायला गेलो होतो. शाळेतला एक दोस्त भेटला. तो रोज कोल्हापूरला एसटीनं अप-डाऊन करतो. म्हणाला, "काय रं, कुठं असतोस हल्ली?" मी म्हटलं, "मुंबईला." "मुंबईत कुठं?" आता इथं माझा आवाज नेहमी जरा खाली येतो. "बदलापूर." तो असा हसला की शेजारचे दोघं वळून बघायला लागले. "म्हणजे मुंबईत न्हाईस की तू! आमच्या निम्म्या वाटंवर आलायस!"

हसलो मीपण. पण रात्री नकाशा काढून बघितला. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. गडहिंग्लजपासून कोल्हापूर साधारण तेवढंच. म्हणजे माझं मुंबईत राहणं आणि त्याचं कोल्हापुरात राहणं सारखंच झालं. फरक एवढाच की तो गडहिंग्लजला राहतो असं सांगतो, आणि मी मुंबईला राहतो असं सांगतो.

म्हणून आजचा विषय हा. आपल्यातले कितीतरी जण डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, विरार, नालासोपारा, पनवेल इथं राहतात. गावाकडं सांगताना 'मुंबई' म्हणतात. तिथं राहणं म्हणजे नक्की काय असतं, ते आज नीट, काही न लपवता सांगतो. न लपवता असं का म्हणतोय, ते पुढं कळेल. आमची आई हा पॉडकास्ट ऐकते.

दारापासून दारापर्यंत

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिस ऐरोलीला. रेल्वेच्या भाषेत माझा प्रवास म्हणजे बदलापूर ते ठाणे, आणि तिथून ट्रान्स-हार्बरनं ऐरोली. ॲपवर बघितलं तर वाटतं, सव्वा तासात पोचेल की. पण ॲप स्टेशन ते स्टेशन मोजतं. माणूस दारापासून दारापर्यंत जातो.

घरातून स्टेशन, शेअर रिक्षाची रांग धरून, २० मिनिटं. बदलापूर ते ठाणे पाऊण-एक तास. ठाण्याला उतरून, पूल चढून, ट्रान्स-हार्बरचा प्लॅटफॉर्म गाठून गाडी मिळेपर्यंत १५ मिनिटं. ऐरोलीपर्यंत दहा मिनिटं. मग ऑफिसचं गेट, लिफ्टची रांग. सगळं धरून एका बाजूला एक तास पन्नास मिनिटं. दोन्ही बाजू मिळून तीन तास चाळीस मिनिटं.

हिशेब करायची आमची खोड असतेच. आठवड्याला पाच दिवस जायचो तेव्हा वर्षाचे ४८ आठवडे धरून ८८० तास होत होते. आठ तासांचा एक दिवस म्हटलं तर ११० दिवस. म्हणजे मी वर्षाला ११० दिवसांची आणखी एक नोकरी करत होतो, बिनपगारी, आणि त्या नोकरीत खुर्ची पण नव्हती. आता आठवड्याला तीनच दिवस ऑफिस आहे, तरी ५२८ तास जातात.

आता तुम्ही म्हणाल, ऐरोलीलाच राहा ना. राहिलो असतो. पण ऐरोलीत एका खोलीला जे भाडं द्यावं लागतं, त्यात बदलापूरला हॉल, किचन, बेडरूम आणि समोर डोंगर मिळतो. आणि रेल्वेचा महिन्याचा पास बदलापूर ते ऐरोलीच्या एका वेळच्या कॅबपेक्षा स्वस्त आहे. आमची सगळी उपनगरं याच एका गणितावर उभी आहेत. पैसे नसतील तर वेळ द्या. २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ ला ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते मी रोज खिडकीतून बघतोय.

गर्दी होते कशी?

माझ्या गावाकडच्या मित्रांना वाटतं की लोकलला गर्दी म्हणजे माणसं फार झाली, बस. पण त्याच्या मागं रुळांची गोष्ट आहे, आणि ती भारी आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. अंतर ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले. गंमत बघा, बदलापूर ते ठाणे पण बरोबर ३४ किलोमीटर आहे. म्हणजे देशातल्या पहिल्या गाडीनं जेवढं अंतर कापलं, तेवढं मी चहा पोटात जिरायच्या आत कापतो.

कल्याणला लाइन फुटते. एक फाटा कसाऱ्याला, दुसरा कर्जतला. आम्ही कर्जतच्या फाट्यावर. कल्याणच्या अलीकडं, म्हणजे मुंबईच्या बाजूला, स्लो-फास्टचे वेगवेगळे रूळ आहेत. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाइनसुद्धा फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. पण कल्याण सोडून बदलापूरकडं निघालात की दोनच रूळ. एक जायचा, एक यायचा. त्याच दोन रुळांवरून आमच्या लोकल, पुण्याकडच्या आणि आपल्या कोल्हापूरच्या एक्सप्रेस, आणि मालगाड्या पण. तिसरी-चौथी लाइन मंजूर आहे, काम चालू आहे. तोपर्यंत पावसात एक गाडी कुठं अडली की मागच्या सगळ्या अडतात. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर एकच आणि रिक्वेस्ट हजार.

आता माझ्या रूटचं खास दुखणं. कल्याणकडून येताना ठाण्याच्या आधी कळवा लागतं. ऐरोली कळव्यापासून तशी जवळ. पण कळव्याहून तिकडं वळायला रूळच नाहीत. त्यामुळं आम्ही सगळे ठाण्यापर्यंत जातो, उतरतो, धावतो आणि दुसऱ्या गाडीनं परत त्याच दिशेला येतो. हा वळसा वाचवायला कळवा-ऐरोली उन्नत मार्ग ठरलेला आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू पण झालं. मधला जोड अजून नाही, कारण त्या पट्ट्यात लोकांची घरं आहेत आणि त्यांच्या पुनर्वसनावर गाडं अडलंय. मला रोज वाटतं, हा जोड झाला तर माझी वीस मिनिटं वाचतील. आणि मग खिडकीतून ती घरं दिसतात. त्यांच्या दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. वीस मिनिटांची घाई मग जरा गप्प बसते.

बदलापूर हे नाव कसं पडलं, तर पूर्वी इथं घोडे बदलायचे म्हणून, असं सांगतात. खरं-खोटं माहीत नाही. आम्ही ठाण्याला गाड्या बदलतो. परंपरा चालू आहे.

डब्यातली गावकी

आता चांगलं पण सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा नुसता रडतोय.

आमच्या डब्यात ग्रुप आहे. रोज तीच गाडी, तोच डबा, तोच दरवाजा. एक काका महानगरपालिकेत आहेत, एक जण फार्मा कंपनीत, एक पोरगा बँकेत, साताऱ्याचा. कोणाचं आडनाव मला माहीत नाही, पण कोणाच्या मुलीला दहावीला किती पडले ते माहीत आहे. बदलापूरला गाडी सुटते तेव्हा जे बसतात, ते कल्याणनंतर उठून उभ्या असलेल्याला बसायला देतात. कायदा कोणी लिहिलेला नाही, पण मोडला तर बघणं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं लागतात, आरती होते, पेढे वाटतात. ज्या डब्याला वर्षभर शिव्या दिल्या, त्याचीच पूजा.

रविवारी बदलापूर वेगळंच असतं. पावसाळ्यात चंदेरीचा डोंगर ढगात बुडालेला. उल्हास नदी. गावात 'ग्रंथसखा' नावाचं वाचनालय आहे, जुनी दुर्मिळ मराठी पुस्तकं जपणारं. लांबून माणसं अभ्यासाला तिथं येतात. मी बदलापुरात पाच वर्षं राहतोय आणि तिथं दोनदा गेलोय. का? कारण शनिवारी झोप काढायची असते आणि रविवारी मेगाब्लॉक नसला तरी अंगात मेगाब्लॉक असतो. ज्या गावाचं भाडं देतो, ते गाव मी बहुतेक वेळा अंधारातच बघतो. सकाळी निघताना उजाडायचं असतं, संध्याकाळी पोचेपर्यंत मावळलेलं असतं.

आणि त्याच डब्यातली वाईट गोष्ट पण सांगायला पाहिजे. संध्याकाळी ठाण्याला बदलापूर गाडी येते ती दादरपासून भरून आलेली असते. त्यात कोणी डोंबिवलीचा चढला की दारातली माणसं ओरडतात, "तुला डोंबिवली लोकल नाही का? ह्यात कशाला तडमडतोस?" पहिल्या वर्षी हे ऐकून मला लाज वाटली होती. तिसऱ्या वर्षी ते वाक्य मीच बोललो. समोर माझ्याएवढाच पोरगा होता, पाठीला माझ्यासारखीच लॅपटॉपची बॅग. त्याला पण घरीच जायचं होतं. तो काही बोलला नाही, मागं सरकला, गाडी सुटली. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

आई, ऐक

आता जे सांगायचं होतं ते.

९ जून २०२५. सोमवार. सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. चार जणांचा त्या दिवशी जीव गेला. कोणी ऑफिसला निघालेलं, कोणी ड्युटीवरून परतत असलेलं.

त्या दिवशी मी घरून काम करत होतो. साडेदहाला आईचा फोन आला. टीव्ही बघून तिचा आवाज कापत होता. म्हणाली, "तू दारात न्हाईस ना उभारत?" मी म्हटलं, "नाही गं, बदलापूरला गाडी सुटते, मला बसायला मिळतं." ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

आई, ते अर्धंच खरं होतं. सकाळी कधीकधी मिळतं बसायला. पण ठाण्याला उतरायचं असेल तर डोंबिवलीपासून उठून दाराकडं सरकावं लागतं, नाहीतर गर्दीतून बाहेर पडता येत नाही. आणि संध्याकाळी ठाण्याला मी जो चढतो, तो दारातच. मुंब्र्याच्या त्या वळणावर कितीतरी वेळा माझा एक पाय आत आणि बॅग बाहेर असायची. मी तुला सांगितलं नाही. तू गडहिंग्लजला बसून काय करणार होतीस, नुसती काळजी. पण खरं कारण ते नव्हतं. सांगितलं असतं तर मला काहीतरी बदलावं लागलं असतं.

त्या अपघातानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं रेल्वेनं जाहीर केलं. चांगलं आहे. पण एका इंजिनिअरला लगेच प्रश्न पडतो. गाडी स्टेशनवर वीस-तीस सेकंद थांबते. दारात माणूस अडकला तर दार मिटणार नाही, दार मिटलं नाही तर गाडी हलणार नाही, आणि एक गाडी थांबली तर मागच्या दहा थांबतील. म्हणजे दाराबरोबर गाड्या पण वाढायला पाहिजेत आणि रूळ पण. दार हा शेवटचा नट आहे. बाकी यंत्र तेच राहिलं तर नट किती घट्ट करणार?

आज्जा चालत जायचा

आमचा आज्जा मुंबईत गिरणी कामगार होता. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड, आमच्या ह्या भागातून पिढ्यान् पिढ्या माणसं गिरण्यांत गेली. लालबाग-परळला गावाच्या खोल्या असायच्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं. एका पाळीची झोपायची, दुसऱ्या पाळीची कामावर. जेवण खानावळीत. आज्जी सांगते, आज्जा पहिली दोन वर्षं खोलीच्या बाहेर, गॅलरीत झोपला.

पण भोंगा झाला की तो दहा मिनिटांत चालत गिरणीत पोचायचा.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप मागं घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. आज्जा वर्षभर थांबला आणि गावाकडं परत आला. पुढं गिरण्यांच्या जागी टॉवर आले, मॉल आले. कामगारांना घरं द्यायचं ठरलं, अर्ज भरून घेतले. आमच्या आज्जीच्या पत्र्याच्या पेटीत त्या अर्जाची पावती आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाशेजारी. आज्जा गेला, पावती आहे.

आता सरकारनं काही घरं शेलू आणि वांगणीला द्यायचं काढलंय. कामगारांच्या संघटनांना ते मान्य नाही. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोठं आंदोलन झालं. मागणी एकच, घर मुंबईतच द्या. आमच्या तालुक्यातून पण म्हातारी माणसं गेली होती.

परवा आज्जीनं मला विचारलं, "तू तिकडंच असतोस न्हवं? ही शेलू कुठं आली रं?"

मी म्हटलं, "माझ्या पण पुढं. बदलापूरच्या नंतर वांगणी, मग शेलू."

ती गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे ह्यांनी दिलेली गिरणी एकीकडं आणि घर तुझ्या पल्याड? मग कामाला चालत कसं जायाचं?"

मी सांगितलं की आता गिरणीच नाही, कामाला कोण जाणार. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आज्जाकडं झोपायला जागा नव्हती, पण त्याचा वेळ त्याच्याजवळ होता. संध्याकाळी तो भजनाला जायचा, चौकात सभा ऐकायचा, कुस्त्या बघायचा. मी त्याच्या कितीतरी पट कमावतो, माझ्याकडं बेडरूम आहे, आणि गेल्या पाच वर्षांत कामाच्या दिवशी संध्याकाळी मी कुठंही गेलेलो नाही. त्याची खोली परत पाहिजे असं मी म्हणत नाही. गॅलरीत झोपणं म्हणजे काय ते ज्याला झोपावं लागलं त्याला विचारा. माझं म्हणणं एवढंच आहे की घराची किंमत विचारताना आपण चौरस फूट विचारतो, तास विचारत नाही.

मग आता काय

पप्पा दोन वर्षं मागं लागलेत, भाड्यात पैसे घालवू नकोस, तिथंच फ्लॅट घे. वीस वर्षांचं कर्ज. मी दोन साइट बघून पण आलो होतो. सेल्सवाला म्हणाला होता, "सर, स्टेशनपासून फक्त दहा मिनिटं." मी रविवारी चालत गेलो. अठ्ठावीस मिनिटं लागली.

ह्या दिवाळीत पप्पांसमोर मी तो ८८० तासांचा हिशेब ठेवला. वीस वर्षांचं कर्ज म्हणजे नुसता हप्ता नाही. आठवड्याचे पाच दिवस परत सुरू झाले, तर १७,६०० तास पण त्यात आहेत. पप्पा शिक्षक आहेत. त्यांनी गुणाकार तपासला. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण मग घर कुठं घेणार?" ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. ऐरोलीत घर घेण्याएवढे पैसे नाहीत, गडहिंग्लजला माझं काम नाही. एवढंच ठरवलंय की सध्या बुकिंग करायचं नाही.

आणि एक लहान गोष्ट केली. मॅनेजरला सांगितलं, मी साडेसातला येतो, चारला निघतो, राहिलेलं घरून करतो. मला वाटलं होतं नाही म्हणेल. तो म्हणाला, "पहिली मीटिंग साडेदहाला असते, तू सातला ये नाहीतर नऊला." पाच वर्षं मी हे विचारलंच नव्हतं! सगळ्यांना हे जमत नाही, मला माहीत आहे. दुकानात, बँकेत, हॉस्पिटलात काम करणाऱ्याला वेळ कोण विचारतो. पण ज्यांचं काम लॅपटॉपवर आहे आणि तरीही जे पिक अवरला दारात उभे असतात, त्यांनी एकदा विचारून बघा. तुम्ही बाजूला झालात तर ज्याला दुसरा इलाज नाही, त्याला आत सरकायला जागा होईल.

तर आई, गेला महिनाभर मी दारात उभा राहिलेलो नाही. हे आता पूर्ण खरं आहे.

शेवटी एक काम देतो. उद्या घड्याळ लावा. घराच्या कुलपापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत, आणि परत. आलेला आकडा मला व्हॉइस नोटवर पाठवा, गावाच्या नावासकट. विरारवाले, पनवेलवाले, चाकणला जाणारे पुणेवाले, आणि गडहिंग्लज-कोल्हापूर अप-डाऊन करणारे पण. पुढच्या एपिसोडला सगळे एकत्र लावून बघू.

मला उद्या रात्री कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्सप्रेस आहे. २०१९ च्या जुलैमध्ये हीच गाडी कोल्हापूरला येताना पुराच्या पाण्यात अडकली होती, आणि हजारावर माणसं बोटींनी बाहेर काढली होती. कुठं अडकली होती माहीत आहे? बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये. त्या दिवशी टीव्हीसमोर बसून मी पप्पांना विचारलं होतं, "हे बदलापूर कुठं आलं?"

चला, खालून चकलीचा वास यायला लागलाय. दिवाळीच्या शुभेच्छा. भेटू पुढच्या एपिसोडला.